लडलोला मुक्काम करायचाय? पाहुण्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. दर उन्हाळ्यात सांगली-पुण्याहून कोणी ना कोणी येतंच. लंडन उरकलेलं असतं, लेक डिस्ट्रिक्टची तिकिटं काढलेली असतात, आणि मधल्या दोन दिवसांसाठी फर्माईश होते, ‘एखादं जुनं, शांत गाव दाखव ना.’ आमचं उत्तर ठरलेलं असतं, लडलो. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न येतात तेही ठरलेलेच. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवलंय.

लडलो आहे कुठे? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येणार नाही का?

इंग्लंडच्या पश्चिमेला श्रॉपशायर नावाची काउंटी आहे, तिच्या दक्षिण टोकाला, वेल्सच्या सीमेजवळ. बर्मिंगहॅमहून गाडीने साधारण ६५ किलोमीटर. रेल्वेने यायचं तर श्रूजबरी किंवा हेरेफर्डला गाडी बदलायची. या दोन्ही गावांहून लडलो अर्ध्या तासावर आहे. लंडनहून थेट गाडी नाही. एक-दोन ठिकाणी बदलून तीन-साडेतीन तास धरा.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण मी तसं करू देत नाही. दुपारी चारपर्यंत गावात सहलीच्या बसमधून आलेली माणसं असतात. ती गेली, बाजाराच्या पालांचे लोखंडी गज उतरले, की गाव गावकऱ्यांचं होतं. किल्ल्याच्या भिंतीवर कावळ्यांची शाळा भरते. कोणीतरी कुत्र्याला घेऊन नदीकडे उतरत असतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवूनसुद्धा हातात फिरायला वेळ उरतो. हे पाहायचं तर रात्र तिथेच काढावी लागते.

‘मार्केट टाउन’ म्हणजे बाजारपेठ असलेलं कुठलंही गाव का?

आपल्याकडे आठवडी बाजाराचं गाव आणि बाकीची गावं यांत जो फरक, तोच. इंग्लंडमध्ये बाजार भरवणं हा मध्ययुगात दिलेला हक्क होता. ज्या गावाला तो मिळाला, त्याच्या भोवतीची खेडी तिथे लोकर, गुरं, धान्य घेऊन यायची. लडलो हे नॉर्मन लोकांनी आखून वसवलेलं गाव. आधी अकराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला उभा राहिला, मग त्याच्या दारापुढे बाजाराचं पटांगण आणि तिथून नदीकडे उतरणारे सरळ रस्ते. आजही किल्ल्याच्या दारातच सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार बाजार भरतो. भाजी, चीज, रोपं, जुनी पुस्तकं, सगळं मिळतं. मुक्काम ठरवताना यातला एक तरी वार पदरात पडेल असं पाहा.

हॉटेल, बी अँड बी, इन, कॉटेज… यात फरक काय?

बी अँड बी म्हणजे कोणाच्या तरी घरात दोन-चार खोल्या, आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच. मालक बहुधा त्याच घरात राहतात. त्यामुळे ते हॉटेल आहे असं समजून घंटी वाजवून बारा वाजता चहा मागवायचा नसतो. चहाची किटली, कप, दुधाच्या इवल्या डब्या आणि बिस्किटांच्या दोन पुड्या खोलीतच ठेवलेल्या असतात. स्वतः करून प्यायचा.

इन म्हणजे खाली पब, वर खोल्या. पूर्वी घोडागाडीने येणारे प्रवासी अशा ठिकाणी उतरायचे. जेवण खालीच मिळतं ही सोय, आणि शुक्रवार-शनिवारी रात्री आवाज वर येतो ही गैरसोय. कॉटेज किंवा सदनिका घेतली तर स्वयंपाकघर मिळतं. पण बहुतेक ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते, आणि ऐन हंगामात आठवड्याचीही. लडलोच्या किल्ल्याच्या आवारातसुद्धा कॅसल हाउस नावाच्या इमारतीत अशा सदनिका भाड्याने मिळतात. साखळी हॉटेलं हमरस्त्यालगत असतात. तिथे लिफ्ट, पार्किंग सगळं मिळेल, पण खिडकीतून पेट्रोल पंप दिसेल.

दोन माणसं असाल तर बी अँड बी, चार किंवा जास्त असाल तर कॉटेज, असं आमच्या घरचं गणित आहे.

गावात नेमकी कुठे खोली घ्यावी?

जुनं गाव टेकडीवर आहे. दक्षिण आणि पश्चिमेला टीम नदी वळसा घालते. किल्ला एका टोकाला, सेंट लॉरेन्सचं चर्च मधोमध, आणि रेल्वे स्टेशन ईशान्येला. स्टेशनवरून बाजारात चालत दहा मिनिटं लागतात, पण चढ आहे हे सामान ओढताना लक्षात येतं.

ब्रॉड स्ट्रीट हा सगळ्यात देखणा रस्ता. वरच्या टोकाला अठराव्या शतकातली बटरक्रॉस नावाची दगडी इमारत, खालच्या टोकाला ब्रॉड गेट. गावाच्या तटाला सात वेशी होत्या, त्यातली ही एकच उरली. या रस्त्यावरची बरीच घरं समोरून विटांची, नीटस आणि सरळ रेषेतली दिसतात. ते अठराव्या शतकात चढवलेले मुखवटे आहेत, मागचा लाकडी सांगाडा त्याहून कितीतरी जुना आहे. रात्री झोपल्यावर तो कुरकुरतो.

शांतता हवी तर डिनहॅम किंवा मिल स्ट्रीटकडे पाहा. बुल रिंगच्या आसपास गजबज जास्त, पण दारातच १६१९ सालच्या ‘फेदर्स’ या जुन्या हॉटेलचा कोरीव लाकडी दर्शनी भाग दिसतो. लुडफर्ड पुलाजवळ, नदीच्या पलीकडे खोली घेतली तर पाण्याचा आवाज येतो. मात्र बाजारात यायला रोज ब्रॉड स्ट्रीटचा चढ. आमच्या मावशीने पहिल्या दिवशी ‘किती छान!’ म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी टॅक्सी मागवली.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. लिफ्ट असेल ना?

जुन्या घरात नसते, असं धरूनच चाला. लडलोत सुमारे ५०० इमारती वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या आहेत. अशा घरात लिफ्टसाठी भिंत फोडणं सोडा, खिडकीची काच बदलायलाही परवानगी लागू शकते. जिने अरुंद, उभे, मधेच वळणारे. एका ठिकाणी आम्हाला कठड्याऐवजी भिंतीला जाड दोरखंड लावलेला मिळाला होता, तो धरून वर चढायचं. अठ्ठावीस किलोची बॅग घेऊन त्या जिन्यातून जाणं म्हणजे कडेवर वासरू घेऊन कडा चढण्यातला प्रकार. दोन दिवसांचे कपडे लहान पिशवीत भरा, मोठी बॅग गाडीत किंवा आमच्याकडे राहू द्या.

बुकिंग करतानाच ‘तळमजल्यावरची खोली आहे का’ असं स्पष्ट विचारा. एक पेच लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपल्यासारखाच पहिला मजला, म्हणजे एक जिना चढायचाच. ‘ग्राउंड फ्लोअर’ असं लिहिलेलं पाहिजे. आणि तळमजल्याच्या दारातही दोन पायऱ्या असू शकतात, तेही विचारून घ्या.

उंच माणसांनी तुळया सांभाळाव्यात. जमीन तिरकी असते. आमच्या खोलीत टेबलावरून पडलेलं सफरचंद स्वतःहून पलंगाखालून गेलं आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकलं. मुलांनी मग तोच खेळ केला.

बाथरूम खोलीतच असतं का? बादली मिळते का?

‘एन स्वीट’ लिहिलं असेल तर बाथरूम खोलीला जोडलेलं. ‘प्रायव्हेट बाथरूम’ लिहिलं असेल तर ते फक्त तुमचंच, पण बोळ ओलांडून पलीकडे असू शकतं. म्हणजे रात्री गाऊनवर बाहेर पडायची तयारी हवी. ‘शेअर्ड’ असेल तर नावातच आलं.

बादली मिळत नाही, तांब्या मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे मोरी नसते. जमिनीला उतार नाही, पाणी जायला जाळी नाही. अंघोळ टबमध्ये उभं राहून करायची आणि पडदा टबच्या आत सोडायचा, बाहेर नाही. हे मी इतकं घोळवून का सांगतोय, त्याला कारण आहे. आमच्या थोरल्या काकांनी पहिल्याच सकाळी नेहमीच्या सवयीने, पडदा बाजूला सारून, मोकळ्या मनाने अंघोळ केली. दहा मिनिटांत दारावर टकटक. मालकीणबाई हातात टॉवेल घेऊन उभ्या. खालच्या जेवणाच्या खोलीत छतातून थेंब पडत होते, आणि नेमके लोण्याच्या ताटलीत. बाई एक शब्दही वाकडं बोलल्या नाहीत. नुसतं ‘ओह डिअर’ म्हणाल्या. काकांना तेच जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी निघताना त्यांनी स्वतःसाठी आणलेला बाकरवडीचा पुडा त्यांच्या हातात दिला.

गरम पाणी येत नसेल तर तक्रार करण्याआधी छताकडे पाहा. तिथून लोंबणारी दोरी ओढली की शॉवरचा दिवा लागतो आणि मग पाणी तापतं. दुसरी एक दोरी बाथरूमच्या दिव्याची असते. बेसिनला गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे असतील, एक हात पोळेल आणि दुसरा गोठेल. शौचाला पाण्याची सवय असेल तर रिकामी बाटली सोबत ठेवा. त्यात संकोच कसला, आम्ही सगळे ठेवतो.

आम्ही शाकाहारी आहोत. नाश्त्याला काय मिळेल?

पूर्ण इंग्लिश नाश्ता म्हणजे बेकन, सॉसेज, अंडं, टोमॅटो, मशरूम, गोड रश्श्यातले पांढरे घेवडे आणि टोस्ट. ताटात काळी गोल चकती दिसली तर ती वांग्याची काप नव्हे, ते डुकराच्या रक्ताचं पुडिंग. खाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की लडलोचे खाटीक आणि त्यांची सॉसेजेस यांचा गावाला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही.

शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही, पण शब्द नीट वापरा. तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडं चालतं असं गृहीत धरतात. अंडं नको असेल तर ‘नो एग्ज’ वेगळं सांगा. कांदा, लसूण, बटाटाही चालत नसेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, सकाळी टेबलावर बसून नाही. वेगळ्या तव्यावर करायला सांगितलं तर बहुतेक जण करतात. पॉरिज म्हणजे ओट्सची खीर, फळं, दही, टोस्ट आणि मार्मलेड यांवर आमच्या आईने तीन दिवस सुखाने काढले. चौथ्या दिवशी तिने पर्समधून चटणीची डबी काढली. मालकांनी चाखली आणि दोन ग्लास पाणी प्यायले.

बऱ्याच घरांत आदल्या रात्री एक कागद भरून द्यायचा असतो, काय खाणार आणि किती वाजता. आठ ते नऊ अशी वेळ असेल तर नऊ वाजून दहा मिनिटांनी गेल्यास टेबल आवरलेलं असेल. शेंगदाणे, तीळ, दूध अशा १४ पदार्थांची अ‍ॅलर्जी-माहिती देणं इंग्लंडमध्ये कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे ‘यात काय आहे’ असं विचारल्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

खोलीत मॅगी, खिचडी केली तर चालेल?

नाही. किटलीत तर मुळीच नाही! जुन्या लाकडी घरात धुराची घंटा फार हळवी असते. बी अँड बीत बाहेरचं गरम जेवण खोलीत आणलेलंही अनेकांना आवडत नाही, वास गालिच्यात बसतो. खिचडीशिवाय चालणार नसेल तर कॉटेज घ्या आणि छोटा कुकर सोबत आणा, पण शिटी होताना खिडकी उघडी ठेवा.

रात्रीच्या जेवणाचं म्हणाल तर खाण्यापिण्यासाठी लडलोचं नाव मोठं आहे. १९९५ पासून इथे सप्टेंबरमध्ये खाद्यमहोत्सव भरतो, तोही किल्ल्याच्या आत. पण स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. साडेआठनंतर पबमध्ये जेवण मिळेलच असं नाही. रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाचं मोठं जेवण असतं आणि संध्याकाळी बरीच ठिकाणं बंद असतात. रविवारी पोचणार असाल तर टेबल आधी सांगून ठेवा, नाहीतर खोलीतल्या बिस्किटांच्या पुड्या आहेतच.

पोचायला उशीर झाला तर?

कळवा. फोन करून कळवा. बी अँड बीत चोवीस तास कोणी बसलेलं नसतं. आत घ्यायची वेळ दुपारी तीन-चार ते संध्याकाळी सहा-सात अशी लिहिलेली असते, आणि ती खरी असते. आमची मधली गाडी चुकली तेव्हा आम्ही दीड तास उशिरा, भर पावसात दारात उभे. घरात अंधार. मालक बाहेर गेलेले. दाराशेजारच्या छोट्या लोखंडी पेटीत किल्ली होती. तिचे आकडे त्यांनी दुपारीच मेलवर पाठवले होते आणि आमच्यापैकी कोणीच मेल उघडला नव्हता. दोष शंभर टक्के आमचा. तेव्हापासून असे मेल मी आदल्या दिवशी कागदावर उतरवून खिशात ठेवतो, कारण टेकड्यांमध्ये फोनची रेंज जाते.

गाडी कुठे लावायची?

गावातल्या बऱ्याच रस्त्यांवर रहिवाशांच्या परवान्याची जागा असते. दारात मोकळी जागा दिसली म्हणून लावली की काचेवर दंडाची पावती. काही मालक पाहुण्यांसाठी तात्पुरता परवाना देतात, ते आधी विचारा. नाहीतर पैसे भरून लावायचे वाहनतळ आहेत. सामान उतरवा, गाडी तिथे लावा आणि निघेपर्यंत विसरा. गावात गाडी लागतच नाही.

भाडं किती, आणि कधी बुक करावं?

बऱ्या बी अँड बीत दोघांच्या खोलीला रात्रीचे साधारण १०० ते १५० पौंड धरा, नाश्ता धरून. काही ठिकाणी दर माणशी लिहिलेला असतो, तो खोलीचा समजून खूश होऊ नका. एकट्या माणसाला अर्ध्या दरात खोली मिळत नाही, थोडीच सूट मिळते. सप्टेंबरचा खाद्यमहोत्सव आणि नोव्हेंबरच्या अखेरीस किल्ल्यात भरणारी मध्ययुगीन नाताळ-जत्रा, या दोन वेळी खोल्या कित्येक महिने आधी जातात. स्वस्त आणि शांत हवं असेल तर फेब्रुवारी-मार्च. पण डिसेंबर-जानेवारीत चारलाच अंधार पडतो, हे पुण्याच्या माणसाला मनावर येतं.

पासपोर्ट मागतात का?

सोळा वर्षांवरील प्रत्येक पाहुण्याचं पूर्ण नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवून ठेवण्याचा १९७२ पासूनचा नियम आहे. त्यामुळे वही पुढे केली तर गोंधळू नका. आपल्याकडच्यासारख्या आधारच्या दोन झेरॉक्स कोणी मागत नाही.

झोप लागेल ना? थंडी, आवाज, डास?

डास नाहीत. पंखाही नाही, आणि हल्ली जुलैत एखादा आठवडा उकडतं, तेव्हा पोटमाळ्याची खोली घेऊ नका. हिवाळ्यात रेडिएटर रात्री आपोआप बंद होतो. जास्तीचं ब्लँकेट कपाटात असतं, मागावं लागत नाही. सेंट लॉरेन्सच्या मनोऱ्यातून घंटांवर सूर वाजतात, आठवड्याच्या प्रत्येक दिवशी वेगळा. मनोरा ४१ मीटर उंच आहे, म्हणजे आवाज गावभर जातो. ज्यांची झोप सावध त्यांनी चर्चला लागून खोली घेऊ नये. आणि हो, घरात कुत्रा आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी असतो, तो अंगावर उडी मारून स्वागत करतो, आणि मालकांना त्यात काही वावगं वाटत नाही.

किल्ला खरंच बघण्यासारखा आहे का? आपल्याकडे काय कमी किल्ले आहेत!

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारा कोकणातला असतो. हो, बघा. आतल्या चौकात बाराव्या शतकातलं गोल देऊळवजा चॅपल उभं आहे. इंग्लंडचा युवराज आर्थर आणि त्याची स्पॅनिश नवरी कॅथरीन लग्नानंतर १५०१-०२ च्या हिवाळ्यात इथे राहिले. एप्रिल १५०२ मध्ये आर्थर इथेच वारला, कॅथरीनचं पुढे त्याच्या धाकट्या भावाशी, आठव्या हेन्रीशी, लग्न झालं, आणि पुढचा सगळा घोळ आपण शाळेत शिकलो.

पण मराठी माणसाने दारावरची पाटी थांबून वाचावी, कारण वेगळं आहे. हा किल्ला पाॅविसच्या अर्लच्या, म्हणजे तिथल्या उमरावाच्या, घराण्याकडे आहे. त्यांनी तो १८११ साली विकत घेतला. या घराण्याचा १८०४ सालचा पहिला अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. आणि प्लासीच्या आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध जी मोहीम झाली, तिच्यात समुद्रावर अ‍ॅडमिरल वॉटसन होता आणि जमिनीवरच्या इंग्रज फौजेचा म्होरक्या हाच क्लाइव्ह. पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते, हे आमच्या देवगडच्या भावोजींना अजून पचलेलं नाही. क्लाइव्ह मूळचा श्रॉपशायरचाच, श्रूजबरीच्या चौकात त्याचा पुतळा आहे. भारतातून आणलेल्या वस्तू, टिपू सुलतानाच्या तंबूसकट, वेल्समधल्या पाॅविस कॅसलमध्ये ठेवल्या आहेत. लडलोहून गाडीने तासाभराच्या वर लागतो. एक दिवस जास्त असेल तर जाऊन या. भावोजी तिथून परत येताना गाडीत अवाक्षर बोलले नाहीत.

निघताना काय? टीप द्यायची का?

खोली दहा-साडेदहाला सोडायची. बॅगा दुपारपर्यंत ठेवू द्याल का असं विचारलं तर सहसा हो म्हणतात. घरच्या मालकांना टीप देत नाहीत. मदतीला कोणी बाई असेल तर खोलीत दोन-तीन पौंड ठेवले तरी पुष्कळ. ओले टॉवेल गालिच्यावर न टाकता टबमध्ये ठेवा. बोळात पाहुण्यांची वही असते, तिच्यात दोन ओळी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालतं. काकांनी लिहिल्या आहेत. अंघोळीचा उल्लेख टाळलाय.